शेक, बर्फ आणि बधिर कातडी

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना सर्जन काखेतल्या गाठींपर्यंत पोचतो, तेव्हा त्याच्या वाटेत एक बारीक नस आडवी येते. तिचं नाव इंटरकोस्टोब्रॅकियल. छातीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगडीच्या मधून ती बाहेर पडते, काख ओलांडते आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीत पसरते. ही नस वाचवायचा प्रयत्न होतो, पण ती पुष्कळदा ताणली जाते आणि कधी कापावीच लागते. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी पहिली नीट आंघोळ करताना बाईला ते कळतं. काखेत साबण लावताना हात दुसऱ्याच कुणाच्या अंगावरून फिरतोय असं वाटतं. तपासणीला गेल्यावर ती डॉक्टरांना सांगते. "ते होतंच, काळजी करू नका," असं उत्तर मिळतं. उत्तर बरोबर आहे, पण अर्धं आहे. ज्या कातडीला स्पर्श कळत नाही, तिला बहुधा गरम-गारही कळत नाही. घरी गेल्यावर हात आपोआप ज्या दोन उपायांकडे जातो, ते नेमके गरम आणि गार हेच असतात.

बधिरपणा काखेपुरताही राहत नाही. पूर्ण स्तन काढताना वरची कातडी आतल्या ग्रंथीपासून सोडवून घ्यावी लागते. त्या ग्रंथीतून कातडीकडे येणाऱ्या बारीक नसा तेव्हाच जातात. मग छातीचा तो सगळा पट्टा, कुणाचा कमी कुणाचा जास्त, बधिर होतो. पोटाची चरबी आणि कातडी घेऊन नवा स्तन केला असेल, तर तो स्तन तर बधिर असतोच, पण बेंबीखालचं पोटही बधिर राहतं. पाठीचा स्नायू आणला असेल तर पाठीचा एक तुकडा बधिर राहतो. कुठे बधिर आहे याचा नकाशा प्रत्येकीचा वेगळा असतो. तो कापसाच्या बोळ्याने स्वतः तपासून घ्यावा लागतो, कारण डिस्चार्ज कार्डावर तो सहसा काढून मिळत नाही.

बंगळूरला हा विषय लांबचा नाही. होसूर रोडवरची किदवई मेमोरियल इन्स्टिट्यूट ही सरकारी कर्करोग संस्था १९७३ साली सुरू झाली. शहरातल्या कर्करोगाच्या नोंदी तिथे १९८२ पासून ठेवल्या जातात. मुंबई आणि चेन्नईबरोबर देशातल्या अगदी पहिल्या लोकसंख्या-आधारित नोंदवह्यांपैकी ही एक. सुरुवातीच्या वर्षांत बंगळूरच्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळे, आता ती जागा स्तनाच्या कर्करोगाने घेतली आहे. तेव्हा कानडी, तमिळ, तेलुगू, उर्दू घरांसारखाच तो इथल्या मराठी घरांतही येतो. नोकरीसाठी पुण्या-नागपूरहून आलेल्या घरांतही येतो आणि पिढ्यान् पिढ्या इथेच असलेल्या घरांतही. शस्त्रक्रिया ठरली की बेळगावहून, निपाणीहून, सांगलीहून आई किंवा सासू येते. तिच्या पिशवीत लाडू असतात, मेतकूट असतं आणि रबराची गरम पाण्याची पिशवीही असते.

शेक हा आपल्याकडचा पहिला उपाय आहे. कंबर धरली तर शेक, पोटात दुखलं तर शेक, बाळंतिणीला तर शेक-शेगडी ठरलेलीच. तव्यावर गरम केलेलं फडकं, मिठाची पुरचुंडी, ओव्याची पुरचुंडी, भाजलेल्या विटेचा तुकडा, सगळं पिढ्यांनी वापरून पाहिलेलं. त्यात खोटं काही नाही. उष्णतेने स्नायू सैलावतो, रक्त जास्त वाहतं आणि दुखण्याची जाणीव कमी होते. अडचण अशी, की हे सगळे उपाय एक गोष्ट गृहीत धरून चालतात: जास्त झालं की माणूस "आई गं" म्हणेल आणि पिशवी बाजूला करेल.

ते "आई गं" येतं कुठून, हे गेल्या काही दशकांत चांगलं उलगडलं आहे. डेव्हिड ज्युलियस यांनी मिरचीतल्या कॅप्सेसिनचा माग काढत नसांच्या टोकावरचा टीआरपीव्ही-१ हा रेणू शोधला. त्यासाठी २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पातापूटियन यांच्याबरोबर मिळालं. हा रेणू साधारण ४३ अंश सेल्सियसला उघडतो आणि मेंदूला चटका कळतो. आता दुसरा आकडा पाहा. १९४७ साली हार्वर्डमध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकरांच्या आणि माणसांच्या कातडीवर प्रयोग करून, किती तापमानाला किती वेळात कातडी भाजते ते मोजलं. ४४ अंशांना सहा तासांत, ४९ अंशांना दहा मिनिटांच्या आत आणि ६० अंशांना पाच सेकंदांत ती भाजते. म्हणजे इजा जिथे सुरू होते त्याच्या जेमतेम एक अंश अलीकडे शरीराने घंटा बांधली आहे. शस्त्रक्रियेने या घंटेची तार तुटते. ४४ अंश म्हणजे काही उकळतं पाणी नव्हे. पिशवी पांघरुणात घेऊन झोपी गेलेल्या बाईच्या छातीवर हे तापमान सहज राहतं आणि कुणाला काही कळत नाही.

शिवाय हे आकडे धडधाकट कातडीचे आहेत. धडधाकट कातडीला उष्णता लागली की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि वाहतं रक्त उष्णता उचलून दुसरीकडे नेतं. गरम पाण्यात हात घातल्यावर तो लाल होतो तो त्यामुळेच. हे रुंदावणं सुरू होतं ते बऱ्याच अंशी नसांच्याच सांगण्यावरून. नसा गेल्या, वर कातडीखालची चरबी आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्याही गेल्या, की आलेली उष्णता जागच्या जागी साठते. म्हणून अशी कातडी इतरांना सोसेल अशा उष्णतेतही भाजते आणि भाजलं की भरून यायला फार वेळ लागतो. स्तनाची पुनर्रचना झालेल्या बायकांना हीटिंग पॅडने, गरम पाण्याच्या पिशवीने, हेअर ड्रायरने, एवढंच काय, कडक उन्हात गडद रंगाचा पोहण्याचा पोशाख घालून बसल्याने भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्या वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दुखलं म्हणून कुणी थांबलेली नसते. नंतर आरशात फोड दिसलेला असतो.

अशा घरात एक संवाद हमखास होतो.

"आई, शेक नको म्हणून सांगितलंय."

"अगं, कोमटच आहे. हात लावून बघितलंय मी."

आईचं खोटं नसतं. पण तिचा हात रोज तव्यावरची भाकरी बोटांनी उलटतो. तळहाताची कातडी आधीच जाड, त्यात चाळीस वर्षं चुलीची आणि गॅसची सवय. तिला कोमट वाटलं ते लेकीच्या छातीला कोमट असेलच असं नाही. तापमान बघायचं तर कोपराने किंवा मनगटाच्या आतल्या बाजूने, तान्ह्या बाळाचं पाणी बघतात तसं. रुग्णाने स्वतः बघायचं असेल तर शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या हाताने. त्याहून सोपं म्हणजे घरातला साधा थर्मामीटर बादलीत धरावा. आंघोळीचं पाणी ३७-३८ अंशांचं पुरतं.

आंघोळीचा मुद्दा बंगळूरमध्ये वेगळा काढायला हवा, कारण इथे घराघरांच्या गच्चीवर सोलर गीझर आहेत. विजेचा गीझर ठरलेल्या तापमानाला बंद होतो, सोलरला तसा खटका नसतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी त्या टाकीतलं पाणी ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. नळ सोडला की आधी पाइपात साठलेलं गार पाणी येतं. शॉवरखाली उभी असलेली बाई गरमची चावी आणखी उघडते आणि मग एकदम टाकीतलं पाणी येतं. ज्या अंगाला कळतं ते अंग ती झटकन मागे घेते. छातीला कळत नाही. म्हणून पहिले काही महिने शॉवर नको, बादली बरी: आधी गार पाणी, मग गरम, ढवळून, मग कोपर. टाके ओले करायला परवानगी मिळालेली असावी हे वेगळं सांगायला नको.

आता बर्फ. बर्फाबद्दल लोक उगाच निर्धास्त असतात. गरम भाजतं हे कळतं, गार भाजतं हे पटत नाही. पाण्याचा बर्फ शून्य अंशाला वितळतो. वितळत असेपर्यंत त्याच्या फडक्यातल्या पुरचुंडीचं तापमान शून्याच्या आसपास राहतं. मेडिकलमध्ये मिळणारा निळा जेल पॅक वेगळा. त्यातलं द्रावण फ्रीजरमध्येही मऊ राहावं असंच बनवलेलं असतं. फ्रीजर उणे १८ अंशांचा असेल तर पॅकही बाहेर काढल्यावर तितकाच थंड असतो आणि तो मऊ असल्यामुळे अंगाला सगळीकडून चिकटून बसतो. मऊ म्हणून तो सौम्य वाटतो, पण वितळत्या बर्फापेक्षा अधिक कडक तोच. बधिर कातडीवर तो अर्धा तास विसरला तर कातडी आधी पांढरी, मेणचट पडते, मग लाल होते, मग फोड येतात. याला हिमदंश म्हणायला हिमालयात जावं लागत नाही.

गारव्याने ऊती मारता येतात हे वैद्यकाला जुनंच माहीत आहे. इंग्लंडातल्या ब्रायटनचे जेम्स अर्नॉट यांनी १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या स्तनाच्या गाठींवर बर्फ आणि मीठ यांचं मिश्रण लावायला सुरुवात केली. ते शून्याखाली वीसेक अंशांपर्यंत उतरे. गाठ थोडी आक्रसे आणि वेदना कमी होत. भूल देऊन शस्त्रक्रिया करणं नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्यांनी आपलं उपकरण १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही ठेवलं होतं. आजच्या फ्रीजरमधला जेल पॅक त्या मिश्रणाच्या फार मागे नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

नव्याने बसवलेल्या ऊतीवर बर्फाचा दुसराही धोका असतो. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात. पोटाची कातडी आणून नवा स्तन करताना, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या बाईला पहिले दोन-तीन दिवस वॉर्डमध्ये मुद्दाम उबदार ठेवतात, एसी कमी करतात, वर पांघरुणं घालतात. नर्स तासातासाने त्या कातडीला हात लावून बघते, कारण ती उबदार असणं म्हणजे रक्त पोचत असणं. वॉर्डमध्ये इतकी काळजी घेतल्यावर घरी सूज उतरावी म्हणून त्याच जागी बर्फ ठेवणं म्हणजे केलेल्या कामावर पाणी टाकणं. पूर्ण स्तन काढल्यावर उरलेल्या पातळ कातडीचंही तसंच. सर्जनने स्वतः सांगितल्याशिवाय तिथे बर्फ नाही आणि शेकही नाही. पहिल्या काही दिवसांत शेकाने आणखी एक होऊ शकतं. रक्तवाहिन्या रुंदावल्या की आत रक्त साकळतं आणि पुन्हा ऑपरेशन थिएटरात जायची पाळी येते. जखमेखाली साठणारं पाणी शेकाने "विरघळत" नाही. ते जखमेत ठेवलेल्या ड्रेनच्या नळीतून निघतं, नाहीतर डॉक्टर सुईने काढतात.

बर्फ सरसकट वाईट आहे असं मात्र मुळीच नाही. सुईची बायोप्सी झाल्यावर तो उत्तम. तिथे कातडीची जाणीव शाबूत असते, आत थोडं रक्त साकळण्याची शक्यता असते आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ ब्राच्या आत दहा-पंधरा मिनिटं ठेवला की काळंनिळं कमी पडतं. फक्त गाठ काढली, स्तन ठेवला, तर पहिल्या दोन दिवसांत पुष्कळ सर्जन असाच बर्फ सुचवतात: कातडी आणि बर्फ यांच्यामध्ये कापड, दहा ते पंधरा मिनिटं, मोबाइलवर टायमर आणि पुन्हा ठेवण्याआधी तास-दोन तास मोकळे. टायमर महत्त्वाचा, कारण गुंगीच्या गोळ्या चालू असतात आणि झोप लागते. बाकी दुखापतीवर बर्फच ठेवायचा हा नियमही आता पूर्वीइतका ठाम राहिलेला नाही. खेळाडूंना आराम, बर्फ, दाब आणि उंचावणं ही चतुःसूत्री १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी दिली. पुढे त्यांनीच लिहिलं, की सुजेला फार आवर घातला तर भरून येणं लांबू शकतं. बर्फ दुखणं कमी करतो. तो जखम लवकर बरी करतो असं समजून त्याचा मारा करण्यात अर्थ नाही.

गोंधळ होतो तो पुढे, केमोथेरपीच्या वेळी. पॅक्लिटॅक्सेल किंवा डोसिटॅक्सेल चालू असताना काही डे-केअर केंद्रांत हातांना गोठवलेले मोजे घालतात. बोटांकडचा रक्तप्रवाह कमी झाला की तिथे औषध कमी पोचतं, मग मुंग्या आणि नखांचा त्रास कमी होतो, असा त्यामागचा हेतू. केस वाचावेत म्हणून डोक्याला थंड टोपीही घालतात. साहजिकच बाईला वाटतं, इस्पितळातच बर्फ लावतात, मग घरी छातीला लावला तर काय बिघडलं? फरक एवढाच, की तिथे हाताला संवेदना असते, वेळ ठरलेली असते आणि नर्स समोर असते.

याहून फसवी गोष्ट म्हणजे आग. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी पुष्कळ बायका सांगतात, "काखेत आग होते," "इस्त्री टेकवल्यासारखं वाटतं," "मधूनच सणक जाते." कातडीला हात लावला तर ती गार असते. ही आग कातडीची नाही, तुटलेल्या नसेची. नस पुन्हा वाढताना, साधारण दिवसाला एक मिलिमीटर अशा गतीने, ती चुकीचे निरोप पाठवत राहते. आग होतेय म्हटल्यावर बर्फाकडे हात जाणार हे ओघाने आलं. आणि बर्फ ठेवायचा कुठे? नेमक्या बधिर जागी. बरं, त्याने ती आग शमतही नाही. म्हणून बाई पॅक जास्त वेळ ठेवते, आणखी दाबून धरते. या दुखण्याला वेगळ्या गोळ्या आहेत. मऊ कापडाने हलके चोळून कातडीला स्पर्शाची सवय लावायची पद्धतही आहे. डॉक्टरांना फक्त "दुखतंय" असं सांगू नये. आग, सणक, मुंग्या हे शब्द जसेच्या तसे सांगावेत, कारण त्या शब्दांवरूनच औषध ठरतं. टॅमॉक्सिफेन ही हार्मोनवरची गोळी चालू झाल्यावर रात्री येणाऱ्या वाफांचंही तसंच. गार काही लावायचं असेल तर मानेमागे किंवा दुसऱ्या हाताच्या मनगटावर, छातीवर नको.

रेडिएशन चालू असेल तर नियम आणखी कडक. पूर्वी पाच आठवडे चालणारं रेडिएशन आता पुष्कळ ठिकाणी पंधरा बैठकांत, तीन आठवड्यांत संपतं. ते चालू असताना आणि संपल्यावर कातडी शांत होईपर्यंत त्या भागावर गरम नाही, गार नाही, उन्हाची तिरीपही नाही. बंगळूरची हवा थंड म्हणून ऊन लागत नाही, हा इथला एक आवडता गैरसमज. शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंच आहे. वारा गार असतो, ऊन गार नसतं.

या शहराच्या राहणीत उष्णतेची आणखी ठिकाणं आहेत, आणि ती शेकात मोजली जात नाहीत. वर्क फ्रॉम होम करणारी बाई पलंगावर टेकून लॅपटॉप मांडीवर घेते, तो पोटाला टेकतो. पोटाची कातडी घेऊन पुनर्रचना झाली असेल तर तो तापलेला लॅपटॉप तासभर टेकला तरी तिला पत्ता नसतो. मासिक पाळीत पोट शेकतानाही तेच. अपार्टमेंटच्या क्लबहाउसात स्टीम रूम असते, गल्लीत मसाज सेंटर असतं आणि सुट्टीत केरळला गेलं की तेल-स्वेदनाचं पॅकेज घेतलं जातं. स्वयंपाकघरात इडलीपात्राचं झाकण उघडताना वाफ छातीवर येते. वरच्या फळीवरचा डबा काढताना दंडाची आतली बाजू कुकरला घासते. इथे शहाणपणा सोपा आहे. काही महिने झाकण अंगापासून लांबून, न बधिरलेल्या बाजूच्या हाताने उघडावं आणि शेगडीच्या मागच्या फळीवरचे डबे पुढे आणून ठेवावेत. हे काम घरातल्या पुरुषांनी केलं तर उत्तम. त्याला शस्त्रक्रियेचं ज्ञान लागत नाही.

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मात्र ज्ञान लागतं आणि बोलावंही लागतं. खांदा आखडला की कुणीतरी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पाठवतं. तिथे दहा दिवसांचा "शेक" लिहून देतात: शॉर्टवेव्ह, अल्ट्रासाउंड, मेणाचा शेक, लाल दिव्याचा शेक. कर्करोग झालेल्या भागावर शॉर्टवेव्ह आणि अल्ट्रासाउंड चालवत नाहीत. गाठ काढलेल्या जागी खूण म्हणून धातूच्या बारीक क्लिपा ठेवलेल्या असू शकतात. पुनर्रचनेआधी कातडी ताणायला बसवतात त्या बहुतेक एक्स्पांडरमध्ये चुंबकाचा भाग असतो. शॉर्टवेव्हने धातू तापतो. आपल्याकडे बायका "खांदा दुखतोय" एवढंच सांगतात, स्तनाचं सांगत नाहीत. लाज, दुसरं काय. पण ते सांगितल्याशिवाय टेबलावर झोपू नये.

हाताच्या सुजेचा प्रश्न वेगळा आणि लांब पल्ल्याचा. काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या की हातातलं पाणी वाहून नेणाऱ्या वाटा कमी होतात. सगळ्या गाठी काढल्या तर साधारण पाचातल्या एकीला लिम्फेडिमा, म्हणजे हाताची टिकून राहणारी सूज येते. फक्त सेंटिनेल, म्हणजे वाटेतल्या पहिल्या काही गाठी तपासल्या तर साधारण वीसातल्या एकीला. उष्णतेने हाताकडे रक्त जास्त येतं, म्हणजे निचरा करायचं पाणीही जास्त येतं आणि वाटा तर आधीच अपुऱ्या. म्हणून त्या हाताला गरम पाण्याचा लांब शेक, सॉना, मेणाचा शेक टाळायला सांगतात. त्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, अशा जुन्या नियमांपैकी काही आता सैल झाले आहेत. उष्णतेबद्दल मात्र सावध राहिलेलं बरं, कारण त्या हातावर भाजलं तर जखमेतून जंतुसंसर्ग होतो आणि संसर्गानंतर सूज बळावते.

मग शेक घ्यायचाच नाही का? घ्यायचा, जिथे खरोखर त्याची गरज असते तिथे. ड्रेन सांभाळत पोक काढून चाललं की मान, खांद्याची वरची बाजू आणि पाठीचा मधला भाग ताठरतो. हे दुखणं पुष्कळदा जखमेपेक्षा जास्त असतं. तिथली कातडी शाबूत असते (पाठीचा स्नायू घेतला नसेल तर), आणि तिथे कोमट शेक खुशाल घ्यावा. पिशवीत उकळतं पाणी नको. बंगळूरच्या उंचीवर पाणी ९७ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून ते काही कमी भाजत नाही. नळाचं गरम पाणी, पिशवी दोन-तृतीयांश भरलेली, वर जाड टॉवेल, पंधरा मिनिटं, बसून. आडवं होऊन पिशवी अंगाखाली घ्यायची नाही, कारण अंगाच्या वजनाने रक्त दबतं आणि उष्णता वाहून जात नाही. झोपताना तर नाहीच. विजेचा पॅड असेल तर आपोआप बंद होणारा असावा. मायक्रोवेव्हमध्ये तापवायच्या धान्याच्या पिशव्या एका जागी फार तापतात, त्या हलवून, दाबून बघाव्यात.

छाती लाल, गरम, सुजलेली दिसली तर शेक किंवा बर्फ या दोन्हींआधी डॉक्टरांना फोन. ते इन्फेक्शन असू शकतं. सोबत ३८ अंशांच्या वर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या पुढे ताप असेल आणि केमो चालू असेल तर फोनवर न थांबता इस्पितळ गाठावं, मग मध्यरात्र असली तरी. भाजलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट तर नाहीच. वर स्वच्छ कापड टाकावं आणि त्याच दिवशी सर्जनला दाखवावं, दुखत नसलं तरी. अशा जागी न दुखणं याला काही अर्थ नसतो. ज्यांनी त्या भागावर शेक घेतला आहे त्यांनी दुसऱ्या दिवशीही आरशात बघावं, कारण भाजल्याची खूण कधी कधी उशिरा उमटते.

जाणीव परत येते का? काहींना काही महिन्यांत, काहींना दोन वर्षांत थोडी येते, पुष्कळांना पूर्ण येत नाही. काही सर्जन आता पुनर्रचना करताना नसही जोडतात, पण ते सगळीकडे होत नाही. आणि स्पर्श परत आला म्हणून गरम-गारही परत आलं असं समजू नये. त्या जाणिवा वेगळ्या नसांतून जातात आणि त्यांचा वेग वेगळा असतो. हे तपासायला फिजिओथेरपिस्ट दोन परीक्षानळ्या वापरतात, घरी स्टीलच्या दोन लहान वाट्या चालतात. एकीत फ्रीजमधलं गार पाणी, दुसरीत ४० अंशांपर्यंतचं कोमट, थर्मामीटरने बघून. डोळे मिटून बसायचं. दुसऱ्या कुणी वाटीचा तळ आधी शाबूत बाजूला आणि मग बधिर बाजूला दोन-दोन सेकंद टेकवायचा, क्रम बदलत. प्रत्येक वेळी गरम की गार हे बरोबर सांगता आलं, तर पुढच्या तपासणीला सर्जनला विचारून तिथे कोमट शेक सुरू करता येतो. एकदोनदाच चुकलं तरी तो भाग अजून बधिरच धरायचा आणि पिशवी पाठीला.